नवशिक्यांसाठी अनुकूल

ऑक्टोबर संपत आला की बिबवेवाडीतली हवा एका सकाळी अचानक कोरडी होते. आदल्या दिवशीपर्यंत दमट राहणारे दोरीवरचे कपडे दुपारीच कडक वाळतात, ओठ फुटायला लागतात आणि वारा पूर्वेकडून येतो. बाकीच्यांना ती थंडीची चाहूल वाटते. माझ्यासाठी ती कामाची खूण आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या छोट्याशा हवामान कार्यालयात पावसाळाभर कोकणातल्या एका किनाऱ्यापुढे एकच ओळ लिहिलेली असते: पाण्यात उतरू नये. वारा पूर्वेचा झाला की ती ओळ काढायची आणि रोजचा अंदाज लिहायला घ्यायचा. हे काम माझ्याकडे आहे.

काल मी ती ओळ काढली. त्या जागी लिहिलं: लाटा एक ते दीड फूट, गुडघ्याच्या खाली. दोन लाटांमध्ये भरपूर अंतर. सकाळी दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा, पाणी गुळगुळीत. त्यानंतर वारा उलटेल, लाटा विस्कटतील. भरती चढती. नवशिक्यांसाठी अनुकूल.

शेवटचे दोन शब्द लिहून झाल्यावर बोटं थोडा वेळ तशीच थांबली. दरवर्षी थांबतात. दोन वर्षांपूर्वीपासून.

तो किनारा मालवणच्या पुढे आहे. तळाला खडक नाही, नुसती वाळू, आणि उतार इतका मंद की बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर जात नाही. तिथे लोक सर्फिंग शिकतात, म्हणजे लांबट फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत यायला शिकतात. पुण्यातून शनिवार-रविवारी आयटीतली, कॉलेजातली मुलंमुली गाड्या भरून जातात आणि निघण्याआधी आमचा अंदाज बघतात. शिकणाऱ्याला मोठी लाट नको असते. मोडून पांढरी झालेली, दमलेली, फेसाची लाट हवी असते. ती ढकलते, पण पाडत नाही. आणि पाडलं तरी खाली वाळू असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसची. समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकात शिकलो. 'खारे वारे आणि मतलई वारे, फरक सांगा' हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. मला त्यात नेहमी पूर्ण गुण मिळायचे आणि दोन्हींपैकी एकही वारा माझ्या अंगाला लागलेला नव्हता. आमच्याकडे वारा ओळखायचा तो खळ्यावर. तिवईवर उभं राहून टोपल्यातून तूर खाली सोडायची, वाऱ्याने भूस उडून जायचं, दाणा सरळ खाली पडायचा. वारा पडला की काम थांबायचं. मोठी माणसं आभाळाकडे बघत बसायची. त्यामुळे भरपूर वारा म्हणजे चांगला वारा, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, भर दुपारच्या सोसाट्याच्या दिवशी, मी अंदाजात लिहून टाकलं, 'वारा उत्तम.'

माझ्या वरिष्ठ लिमये सरांनी चष्मा कपाळावर नेऊन ती ओळ वाचली.

"आपण लोकांना समुद्रात तूर उपणायला बोलावलंय का?"

मी खळ्याचं सांगितलं होतं, त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

"नाही सर."

"मग इथे वारा जितका कमी तितका उत्तम. आणि काल आपण लाट 'सुंदर' लिहिली होती. लाट सुंदर नसते. लाट दोन फूट असते."

मी "थँक्यू सर" म्हणाले. खरंच वाटायचं तसं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी एक शब्द शिकवला त्या सगळ्यांचे आभार मानायची सवय मला लहानपणापासून लागली होती, आणि अजून आहे. कधी कधी वाटतं, ही सवय फार लवकर लागली. एखादी गोष्ट दुखते आहे की नाही हे कळायच्या आधीच तोंडातून थँक्यू निघून जातं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षीही मी सगळ्यांचे आभार मानले. दिग्रसच्या आमच्या पिठाच्या गिरणीत पट्टा चढवताना ते पडले होते. त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याचे, यवतमाळच्या डॉक्टरांचे, पुण्यात आणताना गाडीत जागा देणाऱ्या शेजाऱ्यांचे मी आभार मानले. रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. फक्त आलं नाही. आई दिग्रसलाच राहिली, कारण गिरणी बंद ठेवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ती फोन करायची तेव्हा मागे गिरणीचा घरघराट असायचा आणि ती त्याच्यावरून ओरडून विचारायची, "जेवले का थे?" मी म्हणायचे, "हो." "चालले का?" मी म्हणायचे, "नाही अजून." मग थोडा वेळ नुसता घरघराट ऐकू यायचा.

बाबांची उजवी बाजू गेली होती. पुरती नाही. पाय उचलला जायचा, हात वर जायचा, पण त्यांना स्पर्श कळत नव्हता. आयुष्यभर त्यांनी गिरणीच्या तोंडाशी हात धरून, चिमटीत पीठ चोळून, जाडं की बारीक ते सांगितलेलं. आता सायली मॅडम, आमच्या फिजिओथेरपिस्ट, वाटीत ज्वारी घालून त्यांना डोळे मिटायला लावायच्या.

"काका, काय आहे हातात?"

डाव्या हाताला क्षणात कळायचं. "ज्वारी. जुनी हाय, किडली हाय थोडी."

उजवा हात वाटीत बराच वेळ फिरायचा. कपाळावर घाम यायचा. "काही नाही," ते म्हणायचे. "वाटी रिकामी हाय."

मला तेव्हा त्यांचं म्हणणं फार ओळखीचं वाटायचं. मी सकाळी उठून त्यांचा चहा करत होते, त्यांना न्हाऊ घालत होते, शनिवार पेठेत जाऊन लाटा लिहीत होते, संध्याकाळी परत येऊन भाकरी करत होते, आणि या सगळ्यात हात घालून कोणी मला विचारलं असतं, काय आहे, तर मीही तेच म्हटलं असतं.

सायली मॅडमच्या मते पाय तयार होता. "पाय तयार आहे, काका. तुम्ही तयार नाही." खरं होतं ते. खोलीतून न्हाणीघराकडे जाताना बाबा भिंतीला डाव्या हाताचा तळवा लावून चालायचे. तळवा कधी सुटला नाही. पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक तेलकट, तपकिरी पट्टा उमटला होता. तो अजून आहे. घरमालक परवा म्हणाले, "ताई, रंग देऊन टाकू का? बरं दिसत नाही." मी म्हटलं, दिवाळी होऊ दे.

भिंत जिथे संपायची तिथे बाबा थांबायचे. पुढे चार फूट मोकळी फरशी होती. ती फरशी त्यांना दिसत नव्हती, गिरणीतली दिसत होती. एकदा सायली मॅडमनी त्यांचा हात हळूच भिंतीवरून काढला, तर ते लहान मुलासारखे ओरडले, "पडीन ना व माय!" त्यानंतर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "करुणा, स्पर्श येईल न येईल, ते आपल्या हातात नाही. पण ही भीती बसली ना, तर ते आयुष्यभर भिंतीलाच राहतील. हे दोन-तीन महिने महत्त्वाचे आहेत." त्यांचेही मी आभार मानले.

याच दिवसांत ऑक्टोबर संपला, वारा फिरला आणि माझा हंगाम सुरू झाला.

बाबांना दिवसभर करायला काही नसायचं. फोनवर ते माझा अंदाज वाचायचे. डाव्या अंगठ्याने अक्षरं मोठी करून, मोठ्याने. दूध घालणाऱ्या माणसाला त्यांनी समजावून सांगितलं की दोन लाटांमधलं अंतर जास्त असणं चांगलं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की सांगायचे, "आज दुपारून वारा उलटणार हाय. सकाळीच जा." त्या बाई भाजी आणायला निघालेल्या असायच्या.

एकदा मी घरी आले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "काहून व, रोज एकच लिहितं. दीड फूट, दीड फूट. एखाद्या दिशी चार फूट लिही ना."

"चार फूट असली तर लिहीन. आणि चार फूट आली तर नवशिक्यांनी जायचं नसतं."

"म्हंजे त्यायनं घरीच बसावं?"

"हो. घरी बसावं."

ते गालात हसले. ते का हसले हे मला तीन-चार दिवसांनी कळलं. त्या दिवशी समुद्रावर खरोखरच लाट वाढली होती, लांब कुठेतरी वादळ झालं होतं, आणि मी लिहिलं होतं, नवशिक्यांनी आज टाळावं. सायली मॅडम आल्या, म्हणाल्या, "चला काका, आज चार फूट फरशी." बाबांनी फोन पुढे केला.

"आज नाही जमत मॅडम. वाचा. करुणानं सोता लिहिलं. नवशिक्यायनं टाळावं."

मॅडम हसल्या. त्या एकदा हसल्या, तेवढं पुरलं. बाबांनी ते धरून ठेवलं. रोज सकाळी अंदाज वाचायचा आणि त्यात कुठे नकार सापडतो का ते शोधायचं. वारा दहाऐवजी नऊलाच उलटणार असेल, ओहोटी असेल, पाण्याला थोडी ओढ असेल, काहीही चालायचं. "आज ओढ हाय मॅडम. आज नाही." मी लिहायचे ती सगळी खबरदारी बिबवेवाडीतल्या त्या पॅसेजमध्ये लागू होत होती. आणि मला अंदाज खोटा लिहिता येत नव्हता. त्या शब्दांवर भरवसा ठेवून कोणीतरी खरोखर पाण्यात उतरत होतं.

नोव्हेंबरच्या मध्याला समुद्र झोपल्यासारखा झाला. वारा नाही, लाट फुटाएवढी, भरती सकाळच्या वेळेला, ओढ नाही. मी जे होतं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी अंदाज दोनदा वाचला. सायली मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय म्हणतोय समुद्र, काका?"

बाबांनी फोन बाजूला ठेवला. मग एकदम म्हणाले, "इथल्या फरशीवर नाही चालणार मी. लागते ना पडल्यावर. तिथं चालीन."

"कुठे?"

"जिथलं हे करुणा लिहिते. तिथं वाळू हाय म्हणते खाली."

त्यांना वाटलं असावं की यावर कोणाला काही बोलता येणार नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, पाण्यात पडले तर?"

"घोट्याइतक्या पाण्यात, दोन माणसं धरायला असताना? ओले होतील," त्या म्हणाल्या. "पडू दे की एकदा."

लिमये सरांकडे मी दोन दिवसांची रजा मागितली. कारण सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही लिहिल्यासारखं केलं.

"वडिलांना घेऊन जाताय."

"हो सर."

"आपल्याच अंदाजावर विसंबून."

"हो सर."

"धाडसी आहात," ते म्हणाले. मग खाली बघूनच म्हणाले, "गुरुवार-शुक्रवार घ्या. शनिवारी गर्दी असते. गाडी सावकाश चालवायला सांगा." मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं.

प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. घाट उतरताना कान बंद झाले, बाबा मागच्या सीटवर डाव्या हाताने दरवाजाची कडी धरून बसले होते. आईचा फोन आला. मी सांगितलं, समुद्रावर चाललोय. घरघराट थांबला. तिने गिरणी बंद केली होती. "कशाले?" तिने विचारलं. बाबांनी फोन मागून घेतला आणि म्हणाले, "चालाले." मग बराच वेळ ते नुसते हुं हुं करत राहिले.

नंदूला मी आवाजाने ओळखत होते. किनाऱ्यावर सर्फिंगचा वर्ग चालवणारा हा मुलगा हंगामात रोज फोन करायचा. "मॅडम, उद्या वारा किती वाजता फिरतोय?" एवढंच विचारायचा आणि ठेवायचा. प्रत्यक्षात तो माझ्यापेक्षा लहान निघाला, उन्हाने करपलेला, केस तांबूस झालेला. बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला "जयभीम" केला, त्याने दोन्ही हात जोडून "जयभीम काका, येवा" म्हटलं.

रात्र मालवणात काढली होती; आता सकाळचे आठ वाजले असतील. मतलई वारा मागून, माडांतून, पाठीवर येत होता. पुस्तकातला. पाणी खरंच गुळगुळीत होतं. लाटा येत होत्या, मी लिहिल्या होत्या तशाच, गुडघ्याच्या खाली, एकामागून एक, मध्ये भरपूर वेळ सोडून. आपण लिहिलेलं खरं निघालं की काहीतरी वाटायला हवं. मी वाट पाहिली. नुसतं पटलं, की हो, दीड फूटही नाही, एकच.

वाळूवर शिकायला आलेल्या पाच-सहा जणांचा वर्ग बसला होता. बाबांना आम्ही खुर्चीवर त्यांच्या शेजारी बसवलं. नंदू मुलांना सांगत होता, "उभं राहायला नंतर शिकू. आधी पडायला शिकायचं. फळीवरून उडी नाही मारायची, पाणी कमी असतं. अंग सैल सोडायचं, सपाट पडायचं, दोन्ही हात डोक्यावर. आणि पडल्यावर घाईघाईने उठायचं नाही. आधी बसायचं, बघायचं, मग उठायचं. चला, वाळूवर पडून दाखवा." मुलं हसत हसत धपाधप पडायला लागली.

बाबा मान पुढे काढून बघत होते. "पडाचं बी शिकवते का बाप्पा हा?"

"पहिला धडा तोच असतो काका."

"आन् मी हे आठ हप्ते फुकट न पडता काढले," ते म्हणाले. एक मुलगी हसली. बाबांना बरं वाटलं. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवून पाहिला. मग उजवा उचलायचा प्रयत्न केला. तो कानापर्यंत गेला.

ओल्या वाळूवरून पाण्यापर्यंत जायला आम्हाला खूप वेळ लागला. डावीकडून नंदू, उजवीकडून मी. त्यांच्या उजव्या पावलामागे वाळूत एक लांबट चर उमटत होता, डाव्यामागे नीट पाऊल. पाणी आलं. नडगीवर फेस चढला आणि उतरला.

"समजलं का काही?" मी विचारलं.

ते खाली बघत राहिले. दुसरी लाट आली, गेली. "डाव्याले गरम हाय पाणी," ते म्हणाले. "उजव्याले काही नाही. पाय हाय का नाही तेच समजत नाही. दिसते तर."

मी मान हलवली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी पुढची लाट बघत होते, ती किती वेळाने येईल ते मनात मोजत होते, कारण तेवढंच मला येत होतं.

नंदूने काही न विचारता त्यांचा डावा हात सोडला. एक पाऊल बाजूला झाला आणि नुसता उभा राहिला. बाबा डगमगले, सावरले. डावा हात हवेत तळवा पसरून राहिला, भिंत शोधल्यासारखा. तिथे काही नव्हतं. उजव्या बाजूला मी होते. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"सोड," ते म्हणाले.

"थांबा बाबा. ही लाट जाऊ द्या."

ती गेली.

"सोड आता."

"मागून एक थोडी मोठी येतेय. ती गेली की..."

"करुणा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. "अंदाज राहू दे बापा. हात सोड."

माझी बोटं सुटत नव्हती. हे मला तेव्हा समजलं, कारण मी सोडायचं ठरवलं होतं आणि ती तिथेच होती. त्यांच्या त्या मनगटाला माझी पकड कळत नव्हती. आठ आठवडे मी हा हात धुतला होता, पुसला होता, बाहीत घातला होता, आणि मी तो धरलेला आहे हे त्यांना फक्त दिसत होतं. मी एक एक करून बोटं काढली. त्वचेवर पांढरे वळ राहिले, हळूहळू भरून आले.

ते एकटे उभे होते. थोडी मोठी लाट आली, गुडघ्याशी आदळली, आणि ते उभे होते. त्यांनी उजवा पाय पुढे ओढला. मग डावा टाकला. मग परत उजवा. परतणाऱ्या पाण्याने त्या पायाखालची वाळू नेली, त्यांना ते कळलं नाही, आणि ते एका कुशीवर, सावकाश, एखादं पोतं कलतं तसे पडले.

मी धावले असेन, कारण नंदूचा हात माझ्यापुढे आडवा आला. "ताई, थांबा."

बाबा पाण्यात बसले होते. दोन्ही हात डोक्यावर होते, उजवाही. चष्मा नाकावर तिरका झाला होता. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं, इकडेतिकडे पाहिलं, आपण कुठे आहोत हे नीट बघून घेतल्यासारखं. त्यांच्या छातीवरून एक लाट फेस करत गेली. ते तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लागलं नाही व."

 पुढची लाट किती वेळाने येईल ते मोजायचं मी विसरले होते.

त्यांनी डावा हात मागे वाळूत रोवला. घाई केली नाही. एक लाट येऊ दिली. तिच्या जोराने डावा गुडघा खाली घेतला, मग उजवा पाय हाताने धरून, एखादी वस्तू ठेवावी तसा जागेवर ठेवला. पुन्हा बसले. दम घेतला. पुन्हा.  मी माझे हात ओढणीत गुंडाळून धरले होते.

ते उभे राहिले. थरथरत, पाय फाकवून, सदरा अंगाला चिकटलेला. मग माझ्या दिशेने उजवा पाय पुढे सरकला. मी दोन पावलं मागे झाले, त्यांना चालायला जागा व्हावी म्हणून.